सनद आणि वारस



युनियनच्या कचेरीत माझा निम्मा दिवस वारसांचे अर्ज भरण्यात जातो. कामगार गेला की विधवा, मुलगी, मुलगा सारेच दाराशी येतात. वारस कोण, हा प्रश्न किती कडू असतो ते मी रोज पाहतो. म्हणून इंग्लंडातील एगर्टन या उमराव घराण्याची हकीकत वाचताना मला ती परकी वाटली नाही. त्यांची पदवी ब्रिजवॉटरची.

आधी नियम समजून घेऊ. तिकडे नवी पदवी राजाच्या सनदेने मिळते, आणि ती पुढे कोणाकडे जावी हे सनदेतच लिहिलेले असते. बहुधा 'मूळ धारकाच्या पोटचे पुरुष वारस' अशा अर्थाचे शब्द असतात. मुलगा, नातू, पणतू अशी पुरुषांचीच ओळ धरायची. लेकीची मुले त्यात येत नाहीत, दत्तकही चालत नाही. ओळ संपली की पदवी संपली.

१६१७ साली जॉन एगर्टन ब्रिजवॉटरचा अर्ल झाला. त्याचा पणतू स्क्रूप याला १७२० साली वरच्या दर्जाची, ड्यूकची पदवी मिळाली. माणूस एक, पण सनदा दोन, हे ध्यानात ठेवा.

स्क्रूपचा धाकटा मुलगा फ्रान्सिस वयाच्या अकराव्या वर्षी तिसरा ड्यूक झाला. वर्स्ली येथे त्याच्या कोळशाच्या खाणी होत्या. कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी त्याने जेम्स ब्रिंडली व जॉन गिल्बर्ट यांच्या मदतीने कालवा काढला. बार्टन येथे तो अर्वेल नदीच्या वरून, पुलावरून नेला. १७६१ साली कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव सुमारे निम्म्यावर आला. खाणींच्या आतही नावांसाठी कालवे खोदले गेले. त्यांची लांबी वाढत वाढत सुमारे ४६ मैलांवर गेली. हे सारे खोदणारे हात कोणाचे, ते कोणत्याही सनदेत लिहिलेले नाही.

१८०३ साली फ्रान्सिस अविवाहितच वारला. स्क्रूपच्या भावाचे नातू हयात होते. मग ते ड्यूक का झाले नाहीत? कारण ते १६१७ च्या अर्लचे वंशज होते, १७२० च्या ड्यूकचे नव्हते. म्हणून ड्यूकपद बुडाले आणि अर्लपद त्यांतील थोरल्याकडे, जॉन विल्यमकडे गेले. तो १८२३ साली निपुत्रिक वारला. त्याचा भाऊ फ्रान्सिस हेन्री १८२९ साली पॅरिसमध्ये तसाच गेला, आणि अर्लपदही संपले.

आता पैशाकडे पाहा. पदवीला बहिणीचा मुलगा चालत नव्हता. पण ड्यूकच्या मृत्युपत्राने कालव्याचे उत्पन्न बहिणीच्याच मुलाकडे गेले. म्हणजे अडसर रक्ताचा नव्हता, कागदाचा होता.

जॉन विल्यमची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याने आपली जमीन बहिणीचा नातू लॉर्ड ऑल्फर्ड याच्या नावे लिहिली, पण एक अट घातली: ब्रिजवॉटरचा ड्यूक किंवा मार्क्विस होण्याआधी ऑल्फर्ड मेला, तर जमीन त्याच्या मुलाला मिळू नये. १८५१ साली ऑल्फर्ड पदवीवाचून वारला आणि तंटा उभा राहिला. सल्ला दिलेल्या न्यायाधीशांपैकी बहुतेकांना अट कायदेशीर वाटली होती. तरीही १८५३ साली उमरावांच्या सभागृहाने ती लोकहिताच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरविली. पदवीवर एवढी दौलत टांगली, तर ती मिळविण्यासाठी माणूस राज्यकारभारात भलते वजन आणील आणि आपले मत विकील, अशी त्यांना धास्ती होती. उमरावांनीच उमरावाच्या हव्यासाला लगाम घातला! मृत माणसाची इच्छा मोठी खरी, पण जिवंत समाजाचे हित तिच्याहून मोठे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. आम्ही कामगार ते विसरता कामा नये. कारण करार कागदावर झाला म्हणून तो न्याय्य झाला, असे आम्हांला नेहमी ऐकविले जाते.

आज ब्रिजवॉटरचा ड्यूक नाही, अर्लही नाही. पण कालवा अजून त्याच नावाने ओळखला जातो. दोन सनदा मिळून जे नाव राखू शकल्या नाहीत, ते निनावी मजुरांच्या कुदळीने राखले. त्या मजुरांचे वारस कोण, हे ठरवायला मात्र कोणतेही सभागृह बसले नाही. ते उत्तर आपणच द्यायचे आहे.