दुखऱ्या टाचेला काम द्या

ऑक्टोबर २०२२ मध्ये छत्तीसगड सरकारने 'छत्तीसगढिया ऑलिम्पिक' भरवलं. त्यातल्या खेळांची यादी वाचून कुठल्याही मराठी माणसाला घरच्यासारखं वाटलं असतं. लंगडी, खो-खो, कबड्डी, विटीदांडू, लगोरी, गोट्या, भोवरा, रस्सीखेच, अगदी फुगडीसुद्धा. असे एकूण १४ खेळ. वयाचे गट तीन, आणि तिसरा गट चक्क चाळिशीपुढच्यांचा. शाळा सुटल्यापासून मैदानाकडे न फिरकलेली माणसं पदर खोचून, पँट दुमडून उतरली.

अशा सामन्याचा खरा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. पोटऱ्या भरून येतात, खुर्चीत बसताना हाताचा आधार लागतो, आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना मांड्या जास्त ठणकतात. 'लॅक्टिक ॲसिड साचलंय' हे याचं व्यायामशाळेतलं ठरलेलं उत्तर. ते चुकीचं आहे. व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत लॅक्टिक ॲसिडची पातळी पूर्ववत होते. ही ठणक मात्र २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. उडीनंतर जमिनीवर येताना किंवा उतार उतरताना स्नायू एकीकडे लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावत असतो. सवय नसली की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि शरीर दुरुस्तीला लागतं तेव्हा ठणकतं. थोडं चालावं, शेक घ्यावा, झोप पुरी करावी, एवढं पुरतं. काही दिवसांनी तोच खेळ पुन्हा खेळला तर त्रास बराच कमी होतो. लघवी मात्र काळ्या चहासारखी झाली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, कारण तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

छत्तीसगडमधल्या भिलाईसारख्या गावात खेळातल्या दुखण्यांचा विषय नेहमीचाच. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं, आणि पोलाद कारखान्याभोवती सेक्टरांचं गाव वसलं. मुलूख सपाट, रस्ते रुंद, मैदानं भरपूर. दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी इथेच बास्केटबॉलच्या राष्ट्रीय दर्जाच्या मुली घडवल्या. सेक्टरांत पहाटे फिरणारे निवृत्त लोक आहेत, तसे तीन पाळ्यांत काम करून उरल्या वेळात खेळणारेही आहेत.

दुखणी बहुतेक या दुसऱ्या गटाची. आठवडाभर रात्रपाळी, झोप अर्धवट, खेळ शून्य. आणि रविवारी सलग तीन तास बॅडमिंटन. स्नायू दोन-चार आठवड्यांत जोर धरतात, पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे हळू चालीचे, त्यांना महिने लागतात. माणसाला वाटतं आता जमतंय, तेव्हाच टाच किंवा कोपर कुरकुरायला लागतं. म्हणून दुखणं टाळायचं तर रविवारचे तीन तास आठवड्यात वाटून घ्यायचे आणि वाढवायचे ते टप्प्याटप्प्याने.

घोट्यामागच्या जाड कंडऱ्याचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. हरेलीला, म्हणजे आपल्या आषाढ अमावस्येला, छत्तीसगडची पोरं बांबूच्या गेडीवर चढतात. दोन उंच काठ्या, त्यांना बांधलेले पाय ठेवायचे आडवे तुकडे, आणि चिखलातून टक-टक चाल. पायाला आधार मोजका, त्यामुळे तोल सांभाळायचं काम पोटरीवर येतं. पोरांना ते सोसतं. पंचेचाळीस वर्षांचे काका हौसेने वेगात दोन फेऱ्या मारतात आणि पुढचे दोन महिने टाच धरून बसतात.

अशा टाचेचं काय करायचं, याचं उत्तर एका वैतागलेल्या डॉक्टरला सापडलं. स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यविशारद हॉकन आल्फ्रेडसन यांना धावताना हाच त्रास होता. शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार नव्हते. तेव्हा कंडरा तुटला तर तरी शस्त्रक्रिया करावी लागेल, म्हणून त्यांनी टाचेवर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली, असं सांगतात. कंडरा तुटला नाही; दुखणं गेलं. मग १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. १२ आठवड्यांनंतर ते पंधराही जण पुन्हा धावू लागले होते.

हा व्यायाम घरच्या पायरीवर होतो. कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, टाचा अधांतरी. दोन्ही पायांवर उंच व्हायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यायची. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. १५ वेळा, असे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा. थोडं दुखलं तर चालतं. दुखेनासं झालं की पाठीला पिशवी अडकवून वजन वाढवायचं. सकाळी पलंगावरून उतरताच तळव्याला, टाचेपाशी, काटा टोचल्यासारखं होत असेल तर दुखणं वेगळं, पण तोडगा याच घराण्यातला: पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, तशाच पायरीवर, दिवसाआड टाच उचलायची. दोन्हींना महिने लागतात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

मग इंजेक्शन आठवतं. सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे २००४-०५ मध्ये 'टेनिस एल्बो' हे नाव घराघरांत पोचलं. त्याच्यावर २००५ साली लंडनला शस्त्रक्रियाही झाली. पण हे दुखणं पाने फिरवणाऱ्या फिटरला आणि रोज कणीक तिंबणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या बाईलाही तितकंच होतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं खरं. ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र वर्षाअखेर स्टेरॉइड घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली.

पाय मुरगळला की बर्फ लावून पडून राहायचं, या सल्ल्याचंही वजन कमी झालं आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली पुस्तकातून लोकप्रिय केली. बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने भरून यायला उशीर होऊ शकतो, हे पुढे त्यांनीच मान्य केलं. ठणक कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक आहे. पण दोन-तीन दिवसांत सोसेल तेवढा भार द्यायला लागावं. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे.

गुडघ्याबद्दल एक भीती घर करून आहे: धावलं की गुडघे झिजतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. हौशी धावपटूंत गुडघा किंवा खुब्याची झीज सुमारे साडेतीन टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या माणसांत दहा टक्क्यांच्या आसपास. स्पर्धेत उतरणाऱ्या धावपटूंत ती १३ टक्क्यांवर होती, हेही सांगायला हवं. वजनाचा हिशोब तर फारच बोलका आहे. एक किलो उतरलं की दर पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

आता गोळ्या. मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. घामाने पाणी गेलेलं, त्यात रक्तदाबाची औषधं चालू, आणि त्यावर दुकानातून न विचारता आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. हे तीन एकत्र आले की मूत्रपिंडाला धोका पोचू शकतो. ताज्या मुरगळण्यावर याच औषधाचं मलम बऱ्यापैकी काम करतं आणि रक्तात फारच थोडं जातं; आधी ते वापरून पाहण्यात शहाणपण आहे.

पाठीत उसण भरली की पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढायची घाई होते. पाठ न दुखणाऱ्यांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्याही सुमारे ३० टक्के लोकांत मणक्याची चकती फुगलेली दिसते. रिपोर्टातला तो शब्द वाचून माणूस हालचालच सोडतो, आणि पाठ आणखी धरते. बहुतेक उसणी चालत-फिरत राहिल्याने काही आठवड्यांत जातात. ताप असेल, वजन घटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी.

छत्तीसगडात, आणि लगतच्या गोंदिया-गडचिरोलीतही, डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात: घरात कुणाला सिकलसेल आहे का? या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. हाडं-सांधे असह्य दुखतात, आणि ऊन, तहान किंवा अति दमणूक हे निमित्त होऊ शकतं. तरुण माणसाची जांघ महिनोन्‌महिने दुखते, लंगडत चालावं लागतं, एक्स-रे सुरुवातीला साफ येतो. प्रत्यक्षात रक्त न पोचल्याने मांडीच्या हाडाचा गोल मरत चाललेला असतो. पाठीसाठी घाईने काढलेला एमआरआय बहुधा फुकट जातो; इथे तोच वेळेवर निघाला तर खुबा वाचवायला संधी मिळते. अशा रुग्णाला भाराचे व्यायाम सांगण्याआधी निदान हवं, आणि वेदनाशामकही डॉक्टरांना विचारूनच. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. त्यात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. रक्ताची ही तपासणी नीट झाली, की पुन्हा करावी लागत नाही.