महाराजबाग : राजोद्यानाकडून लोकोद्यानाकडे
(वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयीन शैक्षणिक सहलींच्या संदर्भात)

प्रस्तावना :
डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून वाशीम जिल्ह्यातून नागपूरचा प्रवास सुकर झाला आहे. त्यामुळे शैक्षणिक सहलीत महाराजबागेचा समावेश करणे सहज शक्य आहे. मात्र अशा भेटीतील बराचसा वेळ पिंजऱ्यांपुढेच खर्च होतो आणि त्या भूमीचा इतिहास दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या उद्यानाच्या स्थित्यंतराचा थोडक्यात परिचय करून देण्यात आला आहे.

राजोद्यानाचा कालखंड :
महाराजबाग हे मुळात नागपूरकर भोसल्यांचे उद्यान होय. बागेच्या नावातच तिचे मूळ स्वामित्व सूचित होते. जवळच असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये झालेल्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या अधीन झाली. पुढे तिसरे रघुजी डिसेंबर 1853 मध्ये निधन पावले आणि औरस पुत्र नसल्याचे कारण देऊन 1854 मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केले. 1853 मध्येच निजामाचा वऱ्हाड प्रांत, पर्यायाने वाशीम, कंपनीच्या प्रशासनाखाली गेला होता. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि 1956 पर्यंत नागपूर हीच वाशीमकरांचीही राजधानी राहिली.

सार्वजनिक स्वरूप :
ब्रिटिश राजवटीत 1894 मध्ये येथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. 1906 मध्ये नागपुरात कृषी महाविद्यालयाची स्थापना झाली. 1969 मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाकडे, म्हणजेच आजच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे, या महाविद्यालयाबरोबरच महाराजबागेचेही व्यवस्थापन आले.

येथे एक बाब विचारात घेणे आवश्यक ठरते. बाग लोकांसाठी खुली झाली ती राज्य गेल्यानंतर, परंतु त्या वेळी लोक प्रजाच होते, नागरिक नव्हते. प्रवेश मिळणे आणि स्वामित्व मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वातंत्र्यानंतरच उद्यानाच्या जतनाची जबाबदारी खऱ्या अर्थाने समाजाकडे आली. संपूर्ण विदर्भ हे या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र असल्यामुळे वाशीमचा विद्यार्थी येथे केवळ पाहुणा ठरत नाही; या वारशाचा तोही वाटेकरी आहे.

भेटीचे शैक्षणिक नियोजन :
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सीताबर्डी किल्ला व बाग यांचा एकत्रित अभ्यास करावा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वृक्षांची नोंद ठेवावी, तर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बंदिस्त प्राण्यांच्या वर्तनाचे निरीक्षण करावे. नगराच्या मध्यभागी मोकळी जागा का टिकली पाहिजे, या प्रश्नावर परतल्यानंतर सर्वांची एकत्रित चर्चा घडवून आणावी.

निष्कर्ष :
राजाची बाग, सरकारची बाग आणि लोकांची बाग या तीन अवस्था महाराजबागेत एकाच भूमीवर अभ्यासता येतात. यांपैकी तिसरी अवस्था अद्याप पूर्णत्वास गेलेली नाही. ती पूर्ण होणे हे तिकीट काढून आत येणाऱ्या प्रत्येक नागरिकाच्या जाणिवेवर अवलंबून आहे. ही जाणीव विद्यार्थ्यांमध्ये रुजविणे हाच अशा भेटीचा खरा हेतू असावा.