फेरफार आणि पासंग



बिदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्याला 'पहाणी' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कर्नाटकाच्या 'भूमी' योजनेने या शतकाच्या आरंभी सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी अभिलेख संगणकात आणले. त्या निमित्ताने संगणकीय नोंदीमागील एका सूक्ष्म शिस्तीचा परिचय करून द्यावा, असा माझा मानस आहे.

जमीन विकली की फेरफारात विकणाऱ्याचे नाव कमी होते व घेणाऱ्याचे चढते. ही दोन्ही कामे व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये. मध्येच वीज गेली आणि पहिलेच काम झाले, तर जमीन निर्नायकी होईल. अशा अखंड कृतीला 'ट्रॅन्झॅक्शन' म्हणतात. ती पक्की करणे म्हणजे 'कमिट'. मागे घेणे म्हणजे 'रोलबॅक'. हेर्डर व रॉयटर यांनी १९८३ मध्ये तिचे चार गुण एकत्र मांडले : अविभाज्यता, सुसंगती, विलगता आणि टिकाऊपणा. एकाच सर्व्हे नंबरावर दोघे एकाच वेळी काम करीत असता एकाचे अर्धवट काम दुसऱ्याला कितपत दिसावे, हे विलगतेची पातळी ठरवते.

माहितीकोशाशी प्रत्येक वेळी नवी जोडणी करण्यात वेळ जातो. म्हणून काही जोडण्या तयार ठेवतात. आज्ञावली त्यांतील एक उसनी घेते व परत करते. हाच 'कनेक्शन पूल'.

धोका येथेच आहे. अडतीवरच्या तराजूला कोणी पासंग बांधून तसाच सोडला, तर पुढच्याची तूर चुकीची तोलली जाते. तसेच एका आज्ञावलीने जोडणी 'केवळ वाचनासाठी' करून परत केली, तर पुढच्याची नोंद नाकारली जाते. ही चूक निदान दिसते. परंतु आपोआप कमिट होण्याची सोय बंद राहिली, तर पुढच्याला नोंद झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती पक्की होतच नाही आणि जोडणी मिटताच पुसली जाते. ही चूक मूक असते, म्हणून अधिक घातक.

उपाय दोन. पहिला, बदल त्या व्यवहारापुरताच करावा. पोस्टग्रेसमध्ये 'सेट लोकल' ही आज्ञा त्यासाठीच आहे. दुसरा, परत आलेली जोडणी पूलने मूळ स्थितीत आणावी. 'हिकारी-सीपी' स्वतःमार्फत केलेले असे बदल पूर्ववत करते. 'पीजी-बाउन्सर' सत्रनिहाय पद्धतीत 'डिस्कार्ड ऑल' चालवते. व्यवहारनिहाय पद्धतीत मात्र सामान्यतः ही सफाई होत नाही, म्हणून तेथे सत्रभर टिकणारे बदल टाळावेत.

उसनी वस्तू होती तशी परत करावी, ही आपल्या घरांतली जुनीच रीत. पहाणीवरील नावाची विश्वासार्हताही तिच्यावरच अवलंबून आहे.