अंडे कोणाच्या मालकीचे?

इ.स. १२०६. इटलीतल्या असिसी गावी कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस बिशपसमोर उभा होता. वडिलांचे कापड परस्पर विकून आलेला पैसा त्याने एका पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी देऊ केला होता. वडील तो परत मागत होते. त्याने पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही काढून त्यांच्या हवाली केले.

संतचरित्रात असे प्रसंग शोभतात. पण एकट्याने सोडणे वेगळे आणि हजारोंच्या संघाने सोडणे वेगळे. त्याने स्थापलेल्या फ्रान्सिस्कन संघाच्या १२२३ च्या नियमावलीनुसार साधूने घर, जागा, वस्तू काहीच आपले म्हणायचे नव्हते. नाणे स्वतः घ्यायचे नाही, दुसऱ्याकरवीही नाही. १२२६ मध्ये फ्रान्सिस वारला, मठ वाढले, ग्रंथ आले, मोठमोठी चर्चे उभी राहिली. मग कायदेपंडितांनी तोड काढली: वापर साधूंचा, मालकी पोपची! १२४५ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने, आणि १२७९ मध्ये तिसऱ्या निकोलसने अधिक तपशिलात, ही व्यवस्था पक्की केली. आपल्याकडची बेनामी खाती आठवावीत, फक्त इथे हेतू शुद्ध होता.

काही साधूंना ही पळवाट मान्य नव्हती. त्यांचे झगे आखूड आणि ठिगळांचे. धान्याची कोठारे भरून ठेवायलाही त्यांचा विरोध. पोप बाविसाव्या जॉनने १३१७ मध्ये बजावले की झगा कसा असावा आणि धान्य साठवावे की नाही, हे वरिष्ठ ठरवतील. न ऐकणाऱ्या चौघांना १३१८ मध्ये मार्सेयला जिवंत जाळण्यात आले. गरिबीच्या व्रतापायी झालेली ही शिक्षा चर्चच्या इतिहासातला काळा डाग आहे, यात मला शंका नाही.

मात्र याच जॉनने १३२२ मध्ये विचारलेला प्रश्न बिनतोड होता. साधू अंडे खातो, चीज खातो, भाकरीचा तुकडा खातो. खाल्ल्यावर ते उरतच नाही; मग त्याची मालकी पोपकडे राहिली, हे कोण खरे मानील? असे म्हणून त्याने संघाच्या बहुतेक मालमत्तेवरची मालकी सोडून दिली. पुढच्याच वर्षी साधूंच्या व्रताचा आधारही गेला: येशू आणि त्याच्या शिष्यांकडे मालकीचे काहीच नव्हते असा आग्रह धरणे पाखंड ठरले. १३२८ मध्ये हे न मानणारे संघप्रमुख मिखाएल आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम पोपचे ठाणे असलेल्या आव्हिन्योंहून पळून सम्राट लुडविगच्या आश्रयाला गेले.

हाच संघ १५१७ मध्ये गोव्यात आला. जुन्या गोव्यातले त्यांचे चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधले गेले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धर्मसंघ बंद केले. मठाच्या इमारतीत १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय झाले. चर्चमध्ये गेलात तर मुख्य वेदी नीट पाहा. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या वेदीवर फ्रान्सिस आणि क्रुसावरचा येशू आहेत, आणि त्यांच्या पायाशी फ्रान्सिसची तीन व्रते कोरली आहेत. त्यांतले एक दारिद्र्याचे.