खुरपे आणि तणनाशक

माझी आई खुरपणीच्या रोजाने जाते. सुट्टीत मीही तिच्या शेजारची पात धरते. त्याच पैशांतून माझी फी भरली जाते. म्हणून तणनाशकाविषयी वाचताना मन धास्तावले.

ग्लायफोसेट हे रसायन तण मारते, हे जॉन फ्रान्झ या शास्त्रज्ञाने १९७० साली अमेरिकेत शोधले. वनस्पतीला आवश्यक अमिनो आम्ले बनविणारे एक विकर ते बंद पाडते. त्यामुळे तणाबरोबर पीकही मरते. पुढे मातीतील एका जिवाणूचे जनुक पिकात घातले गेले. त्यापासून बनणारे विकर ग्लायफोसेटला दाद देत नाही. म्हणून सबंध शेतावर फवारले तरी पीक तगते.

असे कापसाचे बियाणे सरकारी मान्यता नसताना जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने उघडपणे पेरले. झड लागली की तण माजते, वेळेवर मजूर मिळत नाहीत, ही अडचण आमच्या हिंगोलीकडेही आहेच. उलट, २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. अमेरिकेत त्याला न जुमानणारी तणेही निपजली.

हे सारे आईला सांगितले. ती एवढेच म्हणाली, “मग आखाड-सरावणात आम्ही कुठं जावं?”

शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण या प्रश्नाचे उत्तर मला अजून एकाही पुस्तकात सापडलेले नाही.