नाचणीला गिऱ्हाईक कोण?

शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. हा आकडा आता शहरातल्या प्रत्येक आहारतज्ज्ञाला पाठ आहे. २०२३ हे भरडधान्य वर्षही दणक्यात साजरं झालं. तरीही साठच्या दशकाच्या तुलनेत देशातलं नाचणीचं क्षेत्र आज जवळपास निम्म्यावर आलं आहे. नुसत्या गुणगानानं धान्य विकलं जात नाही.

कोकणातल्या वरकस जमिनीत, आजरा-चंदगडच्या डोंगरउतारांवर, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर नाचणी पिकते. नाशिककडे तिला नागली म्हणतात. राब भाजून रोपं करायची, भर पावसात लावणी करायची आणि पुढं कणसं एकेक खुडायची. एवढं करून धान्य तसंच पोत्यात भरून विकलं, की खरा नफा पुढच्या माणसाचा.

तो नफा गावात राहू शकतो, आणि त्याला अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. वरीचं टरफल काढायला यंत्र हवंच. नाचणी मात्र सालासकट दळली जाते. तिच्यात स्निग्धांश कमी, त्यामुळे बाजरीच्या पिठासारखं तिचं पीठ चार दिवसांत कडवट होत नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय. सत्त्वाची गोष्ट तर आणखी पुढची. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि स्टार्च फोडू लागतं. म्हणून मोडाच्या पिठाची लापशी जास्त पीठ घालूनही पातळ राहते. इवल्याशा पोटात जास्त पोषण जातं. आपल्या आज्यांना विकराचं नाव ठाऊक नव्हतं, पण बाळाला काय भरवायचं ते पक्कं ठाऊक होतं. बचत गटांनी विकायचं ते हेच ज्ञान.

अडचण मालाची नाही, कायमच्या गिऱ्हाइकाची आहे. प्रदर्शनातल्या टेबलावर चार दिवस पापड खपतात, पाचव्या दिवशी काय? ओडिशानं याचं उत्तर दिलं. २०१७ मध्ये तिथं मिलेट मिशन सुरू झालं. कोरापुटसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सरकार हमीभावानं ‘मांडिया’ म्हणजे नाचणी खरेदी करू लागलं, महिला गटांना प्रक्रियेत घेतलं गेलं आणि केओंझरच्या अंगणवाड्यांत मुलांच्या हातावर नाचणीचे लाडू पडू लागले. शेतकरी, गट आणि खाणारं मूल अशी साखळी जुळली. आपल्याकडे २०२० पासून केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, मिळतं. पण गिरणी घेऊन दिली आणि खरेदीचा करार दिला नाही, तर ती गिरणी धूळ खात बसते.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आपण. ‘नाचणी बिस्किटां’चं पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. मैदा पहिला आणि नाचणी कुठंतरी खाली असेल, तर ते जागेवर ठेवा आणि तेच पैसे जवळच्या बचत गटाच्या सत्त्वावर खर्च करा. एकदा नव्हे, दर महिन्याला.