हातोडी चक्क बाई आहे!

शेलारला वाढलेल्या मुलांच्या घरात टीव्हीचा आवाज कायम फुल्ल. शेजारी यंत्रमागांची खटखट, मग कार्टून ऐकू यायचं तर दुसरा इलाज काय? त्या खटखटीवर मात करून आमच्याकडे घुमायचा निकवरच्या ‘निंजा हातोडी’चा हिंदी आवाज. गोड, खट्याळ, पण वेळ पडली की एकदम ठाम.

परवा ऑफिसात लंचला कुणीतरी म्हणालं, “अरे, तो आवाज मेघना एरंडेचा!” मी उडालोच. बाईचा? आणि तोही आपल्या मराठी मुलीचा? नॉडीसुद्धा तिचाच म्हणे. शाळेतून आल्यावर रोज जिला ऐकलं, तिचं नाव मला इतक्या वर्षांनी कळावं? जाम लाज वाटली.

खरं तर कारण साधं आहे. मुलाचा आवाज १३-१४व्या वर्षी फुटतो, मालिका मात्र चालूच राहते. बाईचा आवाज टिकतो. जपानमध्ये १९८१ ते १९८७ हातोडीला आवाज दिला जुंको होरी यांनी. २०१२ मध्ये भारत-जपान मिळून नवे भाग निघाले, तेव्हाही त्याच! डबिंगवाल्यांचं दुखणं त्याहून वेगळं. पडद्यावर तोंड हलतं जपानीत, त्यात हिंदी वाक्य नेमकं बसवायचं, वर हसवायचंही. आम्ही इकडे प्रेझेंटेशनला दोन मिनिटं बोललो की पाणी मागतो.

रात्री एक जुना भाग लावला. आईला म्हटलं, “ओळख, कोण बोलतंय?”

“कोण म्हणजे? हातोडी,” आई म्हणाली आणि सवयीने आवाज वाढवला.